कोपरापर्यंत

नवीनने दाढीचं सामान मागच्या मोरीत नेलं तेव्हा ऊन अजून भिंतीवरून उतरलं नव्हतं. मोरीच्या दाराची कडी कधीच तुटलेली. मयुरी दाराला पाठ लावून उभी राहिली. कडेवर गार्गी होती. घामाने लेकीचं डोकं तिच्या गळ्याला चिकटत होतं आणि ती बाईसाहेब मजेत मंगळसूत्र चोखत होती.

"झालं का?"

"एक झाला. कोपरापाशी हात वळत नाही."

"आवरा ना लवकर. कोणी आलं म्हणजे?"

आतून पत्र्याच्या डब्यात रेझर खळखळवल्याचा आवाज आला. मग तो बाहेर आला आणि दोन्ही हात पुढे धरून उभा राहिला. कोपराच्या वर रोजच्यासारखे काळे दाट केस आणि कोपराखाली काहीच नाही. केळीचे घड वाहून पीळ पडलेले ते हात एकदम कोणातरी दुसऱ्याचे दिसायला लागले. मयुरीला आधी हसू फुटलं. मग ते अर्ध्यातच थांबलं आणि तिने त्याच्या अंगावर टॉवेल टाकला.

"उद्या तो फुल बाह्यांचा शर्ट घाला."

"ह्या उन्हात? लोक येडा म्हणतील."

"येडा म्हटलेलं परवडलं," ती म्हणाली आणि मोरीत जाऊन तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिली. जाळीपाशी अडकलेला शेवटचा केस वाहून जाईपर्यंत ओतत राहिली.

दुसऱ्या दिवशी आखाजी होती, अक्षय्य तृतीया. नवीनचे वडील, गिरधर आबा, मागच्या पावसाळ्यात गेले, त्यांची ही पहिली घागर. पहिल्या घागरीला सगळी भाऊबंदकी त्या घरी जेवते आणि गेलेल्या माणसाच्या जागी पितर म्हणून कोणातरी वडीलधाऱ्याला पाटावर बसवतात. पानात पुरणाचे मांडे लागतात. तेही घरच्याच खापरावरचे, घरच्याच हातचे. विकतचे चालत नाहीत, शेजारणीला बोलवावं तर त्या दिवशी गावात प्रत्येकीचं स्वतःचं खापर पेटलेलं असतं.

आणि सासूबाईंचा, इंदिराबाईंचा, उजवा हात प्लास्टरमध्ये होता. फैजपूरच्या रस्त्याला त्यांची केळी. उन्हाने पानांच्या कडा करपून कागदासारख्या वाजत होत्या, घडांवर चट्टे पडू नयेत म्हणून ती दोघं मायलेकरं वाळक्या पानांनी एकेक घड झाकत फिरत होती. ठिबकची नळी फुटून झालेल्या चिखलात म्हातारीचा पाय घसरला आणि ती हातावर पडली. दवाखान्यातून येताना ती वेदनेबद्दल एक शब्द बोलली नाही. रिक्षात सुनेला एवढंच म्हणाली, "आता मांडे तुह्या हातात, मयुरी."

मयुरीचं माहेर जळगावात, मेहरूणला. आई दवाखान्यात आया, पाळीपाळीने दिवसा-रात्री कामावर. आखाजीचे मांडे गल्लीतल्या एका बाईकडून विकत यायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून. खापर तिने लग्नानंतर पहिल्यांदा जवळून पाहिलं.

इंदिराबाईंनी तिला शिकवायला घेतलं. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलं, डाव्या हाताने पीठ कसं तिंबायचं ते दाखवलं. पीठ इतकं सैल की परातीतून उचललं तर तारेसारखं लोंबावं. त्यात पुरणाचा गोळा भरायचा, पोळपाटावर जरासा दाबायचा आणि मग दोन्ही हातांच्या पाठीवर घेऊन ह्या हातावरून त्या हातावर टाकत वाढवत न्यायचा. मनगटावरून पुढे, कोपरापर्यंत. रुमालाएवढा, मग उपरण्याएवढा.

"हात ढिला सोड. तू ओढतीस. ओढायचं नही, ते आपणहून उतरते. तू फक्त वाट दे."

मयुरी वाट द्यायची आणि मांडा मनगटापाशीच फाटायचा. पुरण राखेत पडायचं. गार्गी झोळीत रडायला लागली की छातीतून दूध पाझरून ब्लाउज ओला व्हायचा आणि पिठाने भरलेले हात तिला कशालाच लावता यायचे नाहीत.

शेजारची बेबाबाई मिश्री लावत उंबऱ्यावर बसून ही शिकवणी बघायची. ती धुळ्याकडची, या गावात नांदून म्हातारी झाली तरी तिची बोली काही बदलली नाही.

"काय वं पोरी, बाईनी जात ना तू? मांडा काय शिकाडना लागस? मासाना पोरले पवाले कोन शिकाडस? बाईना हातमा ते उपजतच ऱ्हास."

"माझ्या नाही राहिलं, बेबाक्का."

"नही कसं? धीर धर. येई." मग ती झोळीत वाकून गार्गीची बोटं ओढून बघायची. "हाई देख, हाई टाकी मांडा. बोटं देख कशी लांब शेत. आईवर नही गई, बरं व्हयनं."

मयुरी हसायची. पण रात्री लेकीला पाजताना तिची ती बोटं स्वतःच्या बोटाभोवती गुंडाळून बघायची आणि तिला वाटायचं, आपल्यात काहीतरी घालायचं राहून गेलंय. आपण बाई म्हणून अर्धेच भाजले गेलोय.

एका संध्याकाळी नवीन बागेतून आला, हातपाय धुऊन चुलीशी पाणी प्यायला थांबला. मयुरीचा चौथा की पाचवा मांडा राखेत गेला होता. तो थोडा वेळ बघत राहिला. मग खाली बसला, तिच्या हातातला गोळा घेतला आणि हातांवर टाकला.

मयुरीला वाटलं, गंमत करताहेत. पण गोळा हातावरून हातावर जायला लागला. थप, थप, थप. नवीनचे खांदे खाली आले, मान एका बाजूला कलली. आणि पीठ उतरायला लागलं, जसं सासूबाई सांगायच्या तसं, आपणहून. मनगट, अर्धा हात, कोपर. चुलीतला जाळ पलीकडून दिसावा इतका पातळ. त्याने तो खापरावर उलटा टाकला आणि कडा नीट केल्या.

इंदिराबाई एकदम उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मांडा भाजून झाल्यावर त्यांनी त्याची घडी उलगडून दिव्यापाशी धरली. त्यात बारीक काळे केस चिकटले होते.

"पितराच्या पानात केस निघाला म्हणजे?" त्या म्हणाल्या. दुसरं काहीच म्हणाल्या नाहीत.

मयुरीने मग खोदून विचारलं तेव्हा कळलं. नवीनला बहीण नाही. इंदिराबाई एकट्या खापराशी बसायच्या आणि हा पोर मांडीशी टेकून. आधी गोळे करून द्यायचा, मग लहान लहान मांडे टाकायचा. मिसरूड फुटायच्या आधीच आईला मागे सारील असा हात बसला होता. एका आखाजीला गिरधर आबांनी पाहिलं. बखोटीला धरून उठवलं, हातात केळी कापायचा विळा दिला आणि बागेत नेऊन सोडलं. "पुन्हा खापराशी दिसला तं लुगडंच नेसवीन," एवढंच म्हणाले.

"मग?"

"मग काय? माह्याही मनात तेच होतं. म्हटलं बरं झालं, बापानंच सांगितलं," इंदिराबाई म्हणाल्या. "पण इतके वर्स झाले, हात विसरला असन असं वाटलं होतं मले."

केस काढायचं नवीननेच ठरवलं. कोणी त्याला सांगितलं नाही. मयुरीने फक्त, नको असंही म्हटलं नाही.

आखाजीच्या दिवशी उजाडायच्या आत चूल पेटली. दार लावलेलं, खिडकीला गोणपाट. धुराला जायला वाट नव्हती, तिघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नवीन बनियनवर बसला होता. मयुरी गोळे भरून देत होती, इंदिराबाई डाव्या हाताने भाजलेल्या मांड्यांच्या घड्या घालत होत्या. कोणी बोललं तर कुजबुजून.

"जाळ कमी कर, मयुरी. खापर लाल होऊन राह्यलं."

"आई, आवाज होतोय. बाहेर जात असेल."

"जाऊ दे. तू टाकतेय म्हणतीन लोक."

खापराच्या आचेने त्याचे हात आतून लालबुंद झाले होते. पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं जे मयुरीने लग्नानंतर पाहिलं नव्हतं. बागेतून येतो तेव्हा तो थकलेला असतो, बाजारात भाव करतो तेव्हा ताठ. इथे तो नुसता होता. मांडा हातावरून उतरताना तो जरासा श्वास धरायचा आणि खापरावर पडला की सोडायचा. गार्गी झोपेतून जागी होते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी. मयुरीला त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. त्याच वेळी बाहेर गल्लीत चप्पल वाजली आणि तिचा सगळा जीव दाराकडे गेला. चप्पल पुढे निघून गेली. ती वळली तोवर त्याचा पुढचा मांडा खापरावर पडला होता. तो पडताना बघायचा राहिला.

शेवटचा मांडा झाल्यावर इंदिराबाईंनी दार उघडलं. नवीनने हात धुतले, पांढरा फुल बाह्यांचा शर्ट घातला आणि मनगटाची बटणं लावली. मयुरीने स्वतःच्या हातांना कोपरापर्यंत पीठ फासलं आणि परात घेऊन ओट्यावर धुवायला बसली. चार बायका येता-जाता बघतील अशी.

"झालं का वं बठ्ठं?" बेबाबाईने पलीकडून विचारलं.

"झालं, बेबाक्का."

"एकलीनी?"

मयुरीने मान हलवली. बेबाबाई तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, मग आपल्या चुलीकडे गेली.

दुपारी माणसं जमली. पुढच्या खोलीत पाट मांडला होता. नव्या मातीच्या घागरीत पाणी, वर आंबा. पितर म्हणून सुपडू नाना बसले. आबांचे चुलतभाऊ, गावात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. त्या दिवसापुरते ते गिरधर होते. पुरुषांची पंगत भिंतीला लागून, बायका मधल्या दारात.

नवीन गडव्याने पाणी वाढत फिरला. शर्ट पाठीला चिकटला होता.

"काय रे नवीन, लग्नाला चालला का?" चुलतभाऊ विक्रमने टोमणा मारला. "गळ्याचं बटण राह्यलं, तेही लावून घे."

पंगत हसली. मयुरी मांड्यांची परात घेऊन आली. पहिलं पान नानांना. त्यांनी घडीचं एक टोक उचललं, उजेडाकडे धरलं.

"सूनबाई, वा! वहिनीचाच हात उतरला. शहरातली पोरगी, पण शेवटी बाई ते बाई."

मयुरी खाली बघत पुढच्या पानाकडे गेली. कानशिलं तापली.  

मग आगारीची वेळ झाली. शेणाच्या गोवरीचा निखारा पितरासमोर ठेवला. पानातला घास त्यावर टाकायचा, वर तूप सोडायचं. तो मान लेकाचा. नवीन गुडघ्यावर बसला, घास घेऊन हात पुढे केला.

"बाही वर कर रे," नाना म्हणाले. "तूप पेटते. शर्ट जाळून घेशीन."

"राहू द्या, नाना."

"वर कर म्हणतो ना." आणि त्यांनीच, घरच्या पोराची ओढावी तशी, त्याची बाही कोपराच्या वर सरकवली.

निखाऱ्यावर तूप चरचरलं. वास उठला. खोलीतली माणसं मात्र नवीनच्या हाताकडे बघत होती.

"ओ तेरी!" विक्रम ओरडला. "हे काय रे? पार्लरात जातू का काय? दुसरा दाखव, दुसरा!"

कोणीतरी नवीनची दुसरी बाही ओढली. हसण्याचा लोट उठला. नवीन तसाच बसून होता, निखाऱ्याकडे बघत. त्याने मान वर केली असती तर काहीतरी बोलला असता. मयुरीला तेच नको होतं. तो काहीही बोलायच्या आत आपण बोललं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"त्यांना खरूज झालीय," ती म्हणाली. "डॉक्टरांनीच केस काढायला सांगितलेत. मलम लावायचंय."

तिचा आवाज स्वच्छ होता, शाळेतल्यासारखा. म्हणूनच सगळ्यांना पटला.

हसणं थांबलं. विक्रमने पानावरचा हात मागे घेतला. पंगतीत एकाने गडव्याकडे पाहिलं, मग आपल्या पेल्याकडे.

"पाणी यानंच वाढलं ना?" कोणीतरी हळू विचारलं.

"लहान लेकरू घरात, आणि खरूज!" दारातली एक बाई पुटपुटली आणि तिने आपलं पोर मागे ओढलं.

सुपडू नानांच्या हातात पहिला घास होता. तो त्यांनी पानात ठेवला. बोटं पुसायला पंचा शोधू लागले. पितर उपाशी उठत होता. पहिल्या घागरीला पितर पानावरून उठला म्हणजे गिरधर आबा उठले, आणि ते घर पुढे कित्येक वर्षं त्याच नावाने ओळखलं जातं. मयुरीला हे ठाऊक होतं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. ती परातीतल्या घड्या सारख्या करत राहिली.

"बसा नाना," इंदिराबाई दारातून म्हणाल्या. "उठू नका. खरूज-बिरूज काही नही त्याले."

"मग सूनबाई काय म्हणते?"

"ती लाजेनं बोलली." प्लास्टरचा हात त्यांनी छातीशी धरला होता. "मांडे त्यानं टाकले. बठ्ठे, एकूणएक. केस चिकटतात पिठाले, म्हणून काढले. माह्या हातानं होत नही, हिले येत नही. त्याले येते."

 बेबाबाई मागून म्हणाली, "मी तं सकायपशीन आयकी राहिंती. तो आवाज मयुरीना हातना नव्हताच."

विक्रमच्या तोंडातून फुस्सकन हसू सुटलं. सुपडू नाना हसले नाहीत. त्यांनी समोरची घडी पुन्हा पाहिली, नवीनच्या हातांकडे पाहिलं, आणि सावकाश म्हणाले, "खरूज असती तं बरं झालं असतं. खरूज औषधानं जाते."

मग त्यांनी घास उचलला आणि तोंडात घातला.

पंगत पुन्हा सुरू झाली. लोक जेवले, भरपूर जेवले. दुधात कुस्करून, आमरसाशी, तूप मागून मागून. "वहिनी, वाढा जरा" असं विक्रम नवीनला म्हणाला, आणि नवीनने वाढलं. नानांनी शेवटी पान पुढे सरकवून म्हटलं, "एक गरम आण."

"आणतो, आबा," नवीन म्हणाला. त्या दिवशी पितराला गेलेल्या माणसाच्याच नावाने हाक मारतात. पण नानांनी डोळे मिटून घेतले.

नवीन आत गेला. स्वयंपाकघराचं दार या वेळी कोणी लावलं नाही. थप, थप, थप. बाहेर माणसं खाली मान घालून जेवत होती. मयुरी भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं. तेच तिला सोसवत नव्हतं. सगळ्या खोलीने त्याच्याकडे पाहिलं होतं आणि ज्या तोंडातून ते खोटं निघालं होतं त्याच्याकडे कोणी बोटही दाखवलं नव्हतं.

संध्याकाळी तो ओसरीत बसून हातांना खोबरेल लावत होता. मनगटाजवळ दोन फोड आले होते. तिने बाटली घ्यायला हात पुढे केला. त्याने बाटली दिली, हात दिला नाही.

"भाजलं म्हणाली असतीस," तो म्हणाला. "हात भाजले, म्हणून केस गेले. खोटंही नव्हतं ते."

मयुरीने बाटलीचं बूच घट्ट लावलं.

"तुला खरूजच सुचली."

"पटकन तेच आलं तोंडात."

"हो ना. पटकन आलं." त्याने बाह्या खाली केल्या. "विक्रम हसला त्याचं मला काही नाही. तो बैलावरही हसतो. तुला मी खरूजवाला चालतो, मांडेवाला चालत नाही, एवढं कळलं."

झोळीत गार्गी कुरकुरली. तो उठला आणि तिला घेतलं. लेकीने त्याच्या गालाला दोन्ही हात लावले. मयुरीला रडता येत नव्हतं. रडली असती तर त्याला तिचीच समजूत घालावी लागली असती.

गावाने मात्र भलतंच धरलं. दोनच दिवसांत गोष्ट फिरून आली ती अशी, की नवीनला खरूज झाली आणि पितर उठायला लागला म्हणून इंदिराबाईने मांड्यांची थाप मारली. बाप्या माणसाच्या हाताला मांडा? शक्य तरी आहे का? सुनेने टाकले, शिकलेली आहे, लाजाळू आहे.

त्यात केस उगवायला लागले. खुंट टोचायचे, घामाने आग व्हायची आणि नवीन बसल्या जागी हात खाजवायचा. मयुरी भाकरी घेऊन बागेत गेली तेव्हा केळीची कटाई चालू होती. माणसं खांद्यावर घड घेऊन ट्रॅक्टरकडे येत होती, चिकाचे काळे डाग पडलेली. नवीन एका कडेला उभा राहून खाजवत होता. पाण्याच्या जारजवळ सगळ्यांचा एक पेला होता. त्याच्यासाठी वेगळा, दांडी तुटलेला एक मग शेवरीच्या फांदीला टांगला होता. मयुरी आलेली पाहून त्याने तो मग काढला, पाणी प्याला आणि पुन्हा टांगला.

तिथे सात-आठ माणसं होती. मोठ्याने एक वाक्य बोलली असती तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं. तिने भाकरीचं गाठोडं ठेवलं. "लोणचं आहे आत," असं म्हणाली. आणि परत आली.

बेबाबाई आली ती त्याच आठवड्यात. तिच्या नातीचं, ममताचं लग्न होतं. मांडे टाकणाऱ्या बायका कमी पडत होत्या, एक बाळंत झाली होती, एक साक्रीला लेकीकडे गेली होती. इंदिराबाईंचा हात अजून गळ्यात.

"मयुरी, तुले सांगस." बेबाबाई आवाज खाली करून म्हणाली. "नवीनले धाडी दे. मन्हा मांगला खोलीमा बशी. दार लाई लिसूत. कोनले कळाऊ नही. लोकेस्ले सांगसूत का तूच कयात. तुनं नाव बी व्हई."

मयुरीच्या छातीत काहीतरी सटकन उभं राहिलं. इतक्या दिवसांचं तुंबलेलं.

"नाही, बेबाक्का. दार लावून नाही. ते येतील तर मांडवात बसतील, सगळ्यांसमोर. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. मला आता कोणाची लाज नाही."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. मग आतून नवीनचा आवाज आला.

"मला विचारलंस का?"

तो दारात येऊन उभा राहिला. अंगात बनियन, हातांवर काळे खुंट.

"तेव्हा दार लावताना विचारलं नाही. आता उघडताना पण नाही विचारत. हात माझे आहेत ना?"

बेबाबाई चपापून तोंडाशी पदर नेत म्हणाली, "जाऊ दे भाऊ, मी तं सहज—"

मयुरी जागच्या जागी खाली बसली. हलकं वाटलेलं सगळं परत दुप्पट होऊन अंगावर आलं.  मग म्हणाली, "चुकलं माझं. तेव्हापण. आत्तापण."

नवीन बेबाबाईकडे वळला.

"मी येतो, बेबाक्का. मांडवात बसीन. पण माह्या एकट्याचं खापर नको. दोन मांडा. समोरच्यावर ही बसन."

"हाई?" बेबाबाईचे डोळे मोठे झाले. "तिले कोठे येस?"

"नाही येत. म्हणूनच." मग मयुरीकडे बघून, पहिल्यांदा जरासं नरम, "मला येतं ते लोक बघतील. तुला येत नाही तेही बघू दे. बसशील?"

तिला वाटलं, नाही म्हणावं. 

"बसते," ती म्हणाली.

ममताच्या मांडवात दोन चुली समोरासमोर पेटल्या. बायकांचा गराडा पडला, मागे पुरुषही कारणं काढून घुटमळू लागले. नवीनने हात पुन्हा कोपरापर्यंत साफ केले होते आणि बनियनवर बसला होता. त्याचा पहिला मांडा खापरावर पडला तेव्हा बायकांमध्ये एकदम शांतता झाली. मग कुजबुज. कोणी हसलं, कोणी "अगं माय" म्हणालं. एका म्हातारीने पुढे वाकून त्याच्या कोपराला बोट लावून पाहिलं.

मयुरीने गोळा घेतला. गार्गी बाजूला इंदिराबाईंच्या मांडीवर होती, धुराने डोळे चोळत. मयुरीने हातांच्या पाठीवर पीठ टाकलं. एकदा, दोनदा. मनगटाच्या जरा पुढे गेलं आणि फाटलं. पुरण राखेत पडलं, फस्सकन धूर झाला आणि सगळा गराडा हसला. आता ते मोकळं, पोटभर हसणं होतं. इतका वेळ नवीनवर हसायला अवघडलेल्या बायकांनी ते सगळं तिच्यावर काढलं.

"काय वं, बाईनी जात ना तू?" बेबाबाई ओरडली.

मयुरीचा चेहरा खापरासारखा तापला. डोकं वर करायचं धैर्य नव्हतं. समोरच्या चुलीवर नवीनचे हात थांबले होते, तेवढं तिला दिसत होतं. तो उठून येणार नव्हता, तिचा गोळा घेणार नव्हता.

"हात ढिला," तो पलीकडून म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असा. "ओढू नको."

तिने राख झटकली, बोटं पाण्यात बुडवली आणि परातीतून दुसरा गोळा तोडला.